पाच माणसं, दहा बॅगा, तीन घरं: अमेरिकेचा पश्चिम किनारा बेताच्या खर्चात

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून पाच जण निघणार: नवरा-बायको, सात वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे (वय ६३ आणि ६७). मावसबहीण सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला, सख्खा भाऊ सनीवेलला आणि नणंद लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला अर्वाइनला. १५ जूनला शाळा सुरू, म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन आठवडे. सिअ‍ॅटलला उतरून मोठी गाडी भाड्याने घ्यावी आणि किनाऱ्याने खाली येत लॉस एंजेलिसहून परतावं, की मधले टप्पे विमानाने करावेत? स्वस्त काय पडेल?

तुम्ही गाडी की विमान असं विचारताय. हिशोब मांडला की दिसतं, की खर्चाचं मूळ वाहनात नाही. पाच माणसं आणि त्यांच्या दहा बॅगा दर टप्प्याला एकत्र हलवायच्या, हे महाग आहे. ते टाळता आलं तर वाहन कुठलंही घ्या, परवडेल. नाही टाळलं तर तीन घरांचं आदरातिथ्य असूनही पैसे पाण्यासारखे जातील.

त्यातही पाच हा आकडा अडचणीचा. अमेरिकेतल्या साध्या मोटेलच्या खोलीत दोन मोठे पलंग असतात आणि माणसं जास्तीत जास्त चार धरतात. पाचवा आला की दुसरी खोली. पाच जणांच्या गाडीत पाच माणसं बसतात, पण मग डिकीत दोन मोठ्या आणि दोन लहान बॅगांपलीकडे काही मावत नाही, म्हणून मिनीव्हॅन घ्यावी लागते. तिचं भाडं साध्या गाडीच्या दीडपट सहज होतं. शिवाय सिअ‍ॅटलला घेऊन कॅलिफोर्नियात सोडली तर परत न आणल्याचा वेगळा आकार लागतो, तो कधीकधी काही शे डॉलर असतो. विमानाने जायचं तर देशांतर्गत उड्डाणात प्रत्येक मोठ्या बॅगेला सुमारे ४० डॉलर. दहा बॅगा म्हणजे एका टप्प्याला ४००, दोन टप्प्यांना ८००. भारतातून येताना मिळालेली दोन बॅगांची सवलत वेगळ्या काढलेल्या देशांतर्गत तिकिटाला लागू होत नाही. हे बरेच जण विमानतळावर गेल्यावर शिकतात.

म्हणून मी असा बेत आखताना नकाशा नंतर उघडतो. आधी विचारतो: तळ कुठे ठोकायचा? म्हणजे मोठ्या बॅगा कुठे राहणार आणि ज्यांना फार दगदग नको ती माणसं कुठे राहणार?

तुमच्या बाबतीत उत्तर तयारच आहे: अर्वाइन. ते सासू-सासऱ्यांच्या लेकीचं घर आहे. बाकी दोन घरं सुनेच्या माहेरची. मावसबहिणीकडे आणि भावाकडे मिळून बारा दिवस काढायचे म्हणजे त्यांना पाहुण्यासारखं राहावं लागणार, आणि आपल्याकडची म्हण तर तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई असं सांगते. लेकीकडे त्यांना तीन आठवडेही कमीच वाटतील. पर्यटक व्हिसावर उतरताना साधारण सहा महिन्यांपर्यंतचा मुक्काम देतात, तेव्हा त्यांची परतीची तारीख तुमच्याबरोबरच हवी असंही नाही. त्यांचं तिकीट वेगळ्या आरक्षणावर काढा. जाताना एकच विमान, परत मात्र त्यांच्या सोयीने. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा, कारण मधल्या विमानतळावरचं चालणं अमेरिकेतल्या चालण्यापेक्षा जड जातं.

म्हणजे रस्त्यावर तुम्ही तिघंच. तिघांना एक खोली, एक मध्यम आकाराची गाडी आणि एक बॅग पुरते.

आता मार्ग. सगळ्यांनी मुंबई–लॉस एंजेलिस असं साधं जाऊन-येऊन तिकीट काढा. एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतायचं तिकीटही बऱ्याचदा फार महाग नसतं, पण मग बॅगा तुमच्याबरोबर पूर्ण किनाराभर फिरतात. इथे त्या अर्वाइनलाच राहतील. चिवडा, मसाले, साड्या, जे काही तिन्ही घरांसाठी आणाल त्यातलं बॉथेल आणि सनीवेलचं तेवढं वेगळं बांधून घ्या.

आठवडे असे बसतात. मंगळवारी-बुधवारी लॉस एंजेलिसला उतरा. मेचा शेवटचा सोमवार मेमोरियल डेचा, तीन दिवसांची जोडसुट्टी. त्या दिवसांत मोटेलचे दर आणि रस्त्यावरची गर्दी दोन्ही चढतात, आणि नणंदेच्या घरी नेमकी सुट्टी असते. म्हणून ते तीन दिवस अर्वाइनलाच काढा. घड्याळातला साडेबारा तासांचा फरकही तोवर अंगात मुरतो. मंगळवारी तिघांनी विमानाने सिअ‍ॅटल गाठा. पुढचा शनिवार-रविवार मावसबहिणीबरोबर. सोमवारी सकाळी रेल्वेने निघून मंगळवारी सकाळी सॅन होजे. तो आठवडा आणि पुढचा शनिवार-रविवार भावाकडे. सोमवारी भाड्याची गाडी घेऊन किनाऱ्याने दक्षिणेला, दोन रात्री वाटेत, बुधवारी दुपारी अर्वाइन. शुक्रवारी परतीचं विमान पकडलंत तर शाळेच्या आधी घरी.

यात दोन गोष्टी मुद्दाम साधल्या आहेत. प्रत्येक घराच्या वाट्याला एक पूर्ण शनिवार-रविवार येतो. नोकरी करणारी माणसं मंगळवारी तुम्हाला फिरवू शकत नाहीत आणि तिथल्या उपनगरात गाडीशिवाय माणूस अडकून पडतो. शाळांचंही तेच: कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच शाळा मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुटतात, सिअ‍ॅटलकडच्या त्याहून उशिरा. तुमच्या मुलीची मामे-मावस भावंडं सोमवार ते शुक्रवार दिवसभर शाळेत असतील हे धरून चाला. दुसरं म्हणजे पैसे मोजून राहायच्या रात्री सोमवार आणि मंगळवार आहेत. तीच खोली शुक्रवारी-शनिवारी कितीतरी महाग असते.

उत्तरेकडून दक्षिणेला का यायचं, तर अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते. दक्षिणेला जाताना समुद्र तुमच्या बाजूला असतो, थांबायच्या जागा थेट उजवीकडे लागतात, समोरून येणाऱ्या गाड्या ओलांडाव्या लागत नाहीत. पहिल्यांदाच उजवीकडून चालवणाऱ्याला याचा फार आधार असतो.

विमानाबद्दल थोडंसंच. अर्वाइनला जवळचा विमानतळ सँटा अ‍ॅनाचा जॉन वेन. लाँग बीच आणि लॉस एंजेलिसचेही दर पाहा. सर्वांत स्वस्त दिसणाऱ्या भाड्यात काय नाही ते वाचा. काही कंपन्या हातातल्या बॅगेचेही पैसे घेतात आणि काही स्वस्त भाड्यांत शेजारची जागा मिळण्याची हमी नसते. तिघांत एक बॅग चेक-इनला द्या, बाकी पाठीवर.

सिअ‍ॅटलमध्ये कामाच्या दिवशी लाइट रेल वापरा. भाडं सरसकट ३ डॉलर आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. स्पेस नीडल या उंच मनोऱ्याच्या तिकिटात तिघांचे शंभरच्या आसपास डॉलर जातात. केरी पार्कवरून तोच नीडल, मागे शहर आणि आभाळ मोकळं असेल तर माउंट रेनियर असं सगळं फुकट दिसतं. समुद्रातून शहर बघायचं तर बेनब्रिज बेटाची फेरी घ्या. पायी जाणाऱ्याला जातानाच तिकीट, येताना नाही, मुलांना तेही नाही. पर्यटकांसाठीच्या बोटीपेक्षा मी नेहमी हीच सुचवतो. रेनियरला शनिवारी मावसबहिणीच्या गाडीने जाता येईल, पण मेअखेरीस वर पॅरडाइजला पुरुषभर बर्फ असतं. मुलगी खूश होईल. फुलांची कुरणं बघायची असतील तर ती जुलैअखेर–ऑगस्टमध्ये.

आता रेल्वे, कारण तिच्याबद्दल अर्धवट माहितीवर खूप मतं ऐकू येतात. अ‍ॅमट्रॅकची कोस्ट स्टारलाइट ही लांब पल्ल्याची गाडी रोज सकाळी सिअ‍ॅटलच्या किंग स्ट्रीट स्टेशनातून सुटते आणि दुसऱ्या दिवशी रात्री लॉस एंजेलिसला पोचते, सुमारे ३५ तास. तुम्हाला सॅन होजेला उतरायचंय, म्हणजे जवळपास २४ तास. साध्या डब्याचं तिकीट लवकर काढलं तर माणशी १०० ते १५० डॉलर धरा. २ ते १२ वयाला निम्मं. म्हणजे विमानापेक्षा ती स्वस्त असतेच असं नाही. मग घ्यायची कशाला? प्रत्येकी ५० पौंडांच्या दोन बॅगा चेक-इनला फुकट जातात, शिवाय दोन हातात. एक दिवस पूर्ण प्रवासाचा जातो हे खरं, पण ओरेगनमधली कॅस्केड पर्वतरांग संध्याकाळच्या उजेडात दिसते. जूनमध्ये साडेआठ-पावणेनऊपर्यंत उजेड असतो. गाडीने हेच अंतर ८०० मैलांहून जास्त आहे. त्यात किमान एक मोटेल, दोन टाक्या पेट्रोल आणि चालवणाऱ्याचे दोन दिवस जातात.

रेल्वेत बिघडतं ते वेळापत्रक. रूळ मालगाडीच्या कंपनीचे असल्यामुळे दोन-चार तास उशीर ही नित्याची गोष्ट. त्या दिवशी पुढचं काहीही ठरवू नका. भावाला ऑफिसातून सुट्टी काढून स्टेशनवर उभं करू नका. सॅन होजेच्या त्याच स्टेशनातून कॅलट्रेन ही लोकल सनीवेलला वीसेक मिनिटांत पोचवते. साध्या डब्यातली खुर्ची रुंद असते आणि बरीच मागे जाते, पण रात्री डबा गार पडतो. पातळ सोलापुरी चादर प्रत्येकी एक जवळ ठेवा. उपाहाराच्या डब्यात पिझ्झा, सँडविच, नूडल्स मिळतं आणि महाग मिळतं. बॉथेलहून निघताना दोन वेळचं बांधून घ्या. ठेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, म्हणजे गरम करावं लागणार नाही असं. बसायची जागा आरक्षणात ठरत नाही, ती चढताना देतात. मोठ्या काचांच्या डब्यात मात्र जो आधी जाईल तो बसेल. पोर्टलंड सुटलं की तिथे जाऊन बसा. आणि एक गैरसमज: सिअ‍ॅटल ते सॅन होजे या टप्प्यात उघडा पॅसिफिक दिसत नाही. तो खाली सॅन लुइस ओबिस्पोच्या पुढे दिसतो, आणि तो भाग तुम्ही गाडीने करणारच आहात.

पाठीचा त्रास असेल किंवा मुलीला रात्री बसून झोप लागत नसेल तर रेल्वे सोडा, दोन तासांच्या विमानाने सॅन होजे गाठा. हलकं सामान असल्यामुळे खर्चात मोठा फरक पडणार नाही. झोपायच्या डब्याच्या वाटेला जाऊ नका. त्यात जेवण धरलेलं असतं, पण भाडं कित्येक पट होतं.

सनीवेलच्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोला कॅलट्रेननेच जा. शहराच्या मध्यात पार्किंगला दिवसाला चाळीस-पन्नास डॉलर सहज जातात, आणि गाडीची काच फोडून बॅग पळवणं तिथे इतकं चालतं की रिकामी पिशवीही सीटवर ठेवू नये. क्लिपर कार्डावर रेल्वे, बस, बोट सगळं चालतं. शहरातल्या बसला १८ वर्षांपर्यंत भाडं नाही. दोरीवर चालणाऱ्या केबल कारच्या एका फेरीचे माणशी आठ-नऊ डॉलर होतात. हौस म्हणून एकदा बसा. धक्क्यावर जायला मात्र जुन्या ट्राम धावतात त्या एफ मार्गावर, साध्या बसच्या भाड्यात. अल्काट्राझ या जुन्या तुरुंगाच्या बेटाच्या तिकिटाऐवजी सॉसालिटोची रोजची बोट घेतली तर ती अल्काट्राझच्या जवळून जाते आणि गोल्डन गेट पूलही दाखवते. कपड्यांबद्दल सांगून कोणी ऐकत नाही, तरी सांगतो: सॅन फ्रान्सिस्कोत जूनमध्ये धुक्याच्या दिवशी दुपारीही १५-१६ अंश आणि बोचरा वारा असतो. किनाऱ्याजवळचं पाणी थंड, आतली दरी तापलेली, त्यामुळे धुकं आत ओढलं जातं. त्याच दिवशी सनीवेलला २६ असेल. धक्क्यावर चाळीस डॉलरचे स्वेटर विकत घेणारे बहुतेक सगळे या फरकाला फसलेले असतात.

भावाच्या नावावर सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड असेल तर त्याला विचारा. बे एरियातली पुष्कळ वाचनालयं संग्रहालयांचे फुकट किंवा सवलतीचे पास आगाऊ राखून ठेवू देतात. तिथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं.

योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचं काय, हा तुमचा उपप्रश्न. इथे २०२६ पासून नियम बदलले आहेत आणि जुन्या प्रवासवर्णनांतले आकडे चालणार नाहीत. अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला योसेमिटी, सेक्वोया-किंग्ज कॅन्यन आणि ग्रँड कॅन्यन धरून ११ गर्दीच्या उद्यानांत नेहमीच्या प्रवेशशुल्काशिवाय १०० डॉलर जादा पडतात. परदेशी पाहुण्यांसाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा. रहिवाशांचा ८० डॉलरचा, पण त्याला अमेरिकेतलं ओळखपत्र लागतं. तुम्ही दोघं गेलात तर २०० जादा, सासू-सासरे धरून चौघं असाल तर ४००, मग २५० चा पास परवडतो. रेनियर त्या अकरांत नाही, तिथे नेहमीचंच शुल्क. भावाच्या पासावर गाडीतल्या कोणाकोणाला धरतात ते निघण्यापूर्वी उद्यानाच्या अधिकृत पानावर वाचून घ्या.

माझं मत विचाराल तर मेअखेर ते मध्य जून हा योसेमिटीच्या धबधब्यांचा सर्वोत्तम काळ आहे, ऑगस्टमध्ये वरचा मोठा धबधबा जवळजवळ आटतो. पुन्हा कधी येणं होईल माहीत नसेल तर त्याच्यासाठी दुसरीकडे हात आखडा. सनीवेलहून एका बाजूला साडेतीन-चार तास लागतात, त्यामुळे एका दिवसात करायचं तर पहाटे पाचला घर सोडायचं. नऊनंतर खोऱ्यात गाडी लावायला जागा मिळत नाही. खर्च नकोच असेल तर उंच झाडं फेल्टनजवळच्या हेन्री कॉवेल उद्यानातही आहेत. तासाभराच्या आतला रस्ता, गाडीमागे दहाएक डॉलर, आणि मोठ्या रेडवूडमधली वाट पाऊण मैलाची, सपाट.

आता गाडी. तीन दिवसांसाठीच घ्यायची आहे, म्हणून नीट घ्या. भाडं २४ तासांच्या हिशोबाने असतं. सोमवारी सकाळी नऊला घेतली तर गुरुवारी नऊच्या आत जॉन वेन विमानतळावर द्यायची; तासाभराचा उशीर म्हणजे बहुधा चौथ्या दिवसाचं भाडं. विमानतळावरच्या शाखेत कर जास्त असतात, गावातल्या शाखा स्वस्त, पण त्या संध्याकाळी लवकर आणि रविवारी बंद. दोन्हींचे दर कर धरून ताडून पाहा. कॅलिफोर्नियातल्या कॅलिफोर्नियात एका ठिकाणी घेऊन दुसरीकडे सोडण्याचा आकार पुष्कळदा नगण्य असतो.

विमा हा खरा सापळा आहे. जाहिरातीत दिसणाऱ्या दिवसाच्या ४५ डॉलरमध्ये तो नसतो आणि काउंटरवर दिवसाला आणखी तीस-चाळीस डॉलरचा गळ टाकतात. आरक्षण करताना राहण्याचा देश भारत निवडला की बऱ्याच कंपन्या गाडीच्या नुकसानीचा आणि समोरच्याच्या नुकसानीचा असे दोन्ही विमे धरून दर दाखवतात. अटींत हे दोन्ही शब्दशः लिहिलेत का बघा, आणि तो कागद छापून न्या. भावाने त्याच्या नावावर गाडी घेऊन तुमच्या यजमानांनी, म्हणजे नवऱ्याने, चालवायची हा घरगुती तोडगा तेव्हाच चालतो, जेव्हा यजमानांचं नाव करारात चालक म्हणून नोंदवलेलं असतं. नसेल तर अपघातात विमा हात वर करतो. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्या नावाचं हवं. काही शे डॉलर अडकवून ठेवतात, म्हणून फॉरेक्स कार्ड तिथे देऊ नका.

महाराष्ट्राचा वाहन परवाना कॅलिफोर्नियात पाहुण्याला चालतो. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा: एक हजार रुपये, एक वर्ष. काउंटरवरचा वाद वाचतो. मुलीसाठी बूस्टर सीट लागतंच. कॅलिफोर्नियात आठ वर्षांखाली मागच्या सीटवर बूस्टर सक्तीचं, आणि वॉशिंग्टन राज्यात वय काही असो, उंची चार फूट नऊ इंच होईपर्यंत. भाड्याने दिवसाला बारा-पंधरा डॉलर; दुकानात नवं वीस-पंचवीसला मिळतं. अर्वाइनला पहिल्याच दिवशी घ्या, विमानात बूस्टरचे सहसा पैसे घेत नाहीत.

रविवारी भावाला शेजारी बसवून यजमानांना दोन तास गल्ल्यांत गाडी चालवू द्या. लाल दिव्याला पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, पाटी मनाई करत नसेल तर. चारी बाजूंना थांबा असलेल्या चौकात जो आधी थांबला तो आधी निघतो. शाळेच्या पिवळ्या बसने लाल दिवे लावले की थांबायचं, पुढे काढायची नाही. आणि डोंगरी अरुंद रस्त्यावर मागे पाच गाड्या साचल्या तर बाजूला घेऊन त्यांना जाऊ देणं कायद्याने बंधनकारक आहे.

पहिला दिवस: सनीवेल ते मॉन्टेरे, दीड तासाच्या आसपास. तिथलं मत्स्यालय उत्तम आणि महाग. त्याऐवजी पॅसिफिक ग्रोव्हच्या खडकांवर ओहोटीला खेकडे आणि तारामासे फुकट दिसतात. ओहोटीची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा. मुक्काम मॉन्टेरे-कार्मेलला नको, सलिनास किंवा मरीना इथे. दुसरा दिवस: बिग सर. मॉन्टेरेतच टाकी भरा, पुढे पंप थोडे आणि पेट्रोल चढ्या भावाचं. मोबाइलला तासन्‌तास रेंज नसते, नकाशा उतरवून घ्या. बिक्स्बी पूल, मॅकवे धबधब्याचा देखावा, आणि शेवटी पिएद्रास ब्लांकासला वाळूवर लोळणारे एलिफंट सील, तेही फुकट. शंभरेक मैलांना थांबत-थांबत पूर्ण दिवस लागतो. रात्र कँब्रियाला नको, आत पासो रोब्लेस किंवा अटास्कडेरोला. समुद्र दिसला की दर वाढतो, वीस मैल आत गेलात की उतरतो.

हा रस्ता दरडींमुळे बंद पडतो. २०२३ नंतर जवळजवळ तीन वर्षं तो सलग जाता येण्यासारखा नव्हता. आदल्या रात्री कॅल्ट्रान्स या राज्याच्या रस्ते खात्याच्या क्विकमॅप नकाशावर पाहा. बंद असेल तर १०१ क्रमांकाच्या महामार्गाने पासो रोब्लेसपर्यंत या, ४६ क्रमांकाने कँब्रियाला उतरा आणि सील बघून परत फिरा. बेत मोडत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या आत निघा. साडेनऊच्या सुमारास सँटा बार्बरा, आणि तिथून अकराला हला. दुपारी तीन ते सात या वेळात लॉस एंजेलिस ओलांडायला गेलात तर दोन तासांचं अंतर चार तासांचं होतं.

जेवणखाण: मोटेलमध्ये फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आहे का ते आरक्षणातच पाहा. घरून विजेची शेगडी किंवा राइस कुकर नेऊ नका. तिकडे १२० व्होल्ट, आपलं उपकरण २३० चं, त्यामुळे उष्णता पावपट मिळते आणि भात शिजत नाही. भावाकडचा छोटा कुकर तीन दिवस मागून घ्या. मेतकूट-भात, दही आणि लोणचं असलं की एका रात्रीचे चाळीस-पन्नास डॉलर सुटतात. हॉटेलात बसून जेवलात तर मेनूतल्या आकड्यावर कर आणि वर १८-२० टक्के टिप धरा. मोटेलच्या दरावरही दहा ते पंधरा टक्के कर चढतो. आणि आंबे आणू नका. ताजी फळं विमानतळावर काढून घेतात, न सांगता आणली तर दंडही होतो. मसाले, पापड, लोणचं आणल्याचं अधिकाऱ्याला सांगितलं की सहसा अडचण येत नाही.

तिघांचा किनाऱ्यावरचा हिशोब अंदाजाने असा: सिअ‍ॅटलचं विमान एका बॅगेसह ४५०, रेल्वे ३००, गाडी तीन दिवसांची २५० ते ३००, पेट्रोल साडेचारशे मैलांना सुमारे ८०, मोटेल दोन रात्री कर धरून ३०० च्या आत. हे १४०० च्या आसपास. बाहेरचं खाणं, बस-रेल्वे, तिकिटं यांना ६०० ठेवा. योसेमिटी यात नाही. तुमच्या मूळ बेतात तीन आठवड्यांच्या मिनीव्हॅनचं भाडंच या सगळ्याच्या वर गेलं असतं.

सासू-सासऱ्यांना गोल्डन गेट बघायचाच असेल तर त्यांना बेताबाहेर ठेवू नका. तुम्ही सनीवेलला असाल त्या शनिवार-रविवारी जॉन वेनहून सॅन होजेला सव्वा तासाचं विमान आहे. शुक्रवारी येऊन सोमवारी परत, हातातली एक-एक बॅग. त्या दोघांचा प्रवास-विमा मात्र पूर्ण मुक्कामाचा हवा आणि आधीपासूनच्या आजारांबद्दल त्यात काय लिहिलंय ते शब्दशः वाचा. औषधं चिठ्ठीसकट, मूळ वेष्टनात, दहा दिवस जास्तीची.

पण यातलं काहीही आरक्षित करण्याआधी नणंदेला फोन जायला हवा, कारण सगळा बेत तिच्या घरावर उभा आहे. तो फोन तुम्ही करू नका, यजमानांना करू द्या. आई-बाबा तीन आठवडे तुझ्याकडेच राहणार आहेत, हे तिने भावाच्या तोंडून ऐकलेलं बरं.